खत टाकायच्या आधी बघा, झाडाला कमी काय पडतंय

माझं माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीकडं आणि सासर अथणीकडं. एकाच पाकिटातलं मिरचीचं बी दोन्हीकडं लावलं, शेणखत पण तेवढंच घातलं, तर आईकडं आषाढात पानं पिवळी पडली, मुळं कुजली आणि आमच्याकडं पाऊस उघडला तशी फुलं गळाली. तिकडं पाणी जास्त नि ढगांमुळं ऊन कमी, इकडं ऊन रग्गड पण पाणीच नाही. जे सगळ्यात कमी पडतंय तिथंच झाडाची वाढ अडते, मग बाकीचं कितीही ओता. म्हणून ते आधी शोधायचं.

पाणी मोजायला सरळ उभ्या बाजूचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टीनं मोजून ओतून टाका. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर, गुंठ्याला साधारण 100 लिटर. पण पडलेलं पाणी मुरतंय का ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण मुळं पण श्वास घेतात आणि मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की त्यांना हवाच मिळत नाही. फूटभर खड्डा खणा, पाणी भरा, मुरलं की परत भरा, दुसऱ्या दिवशी पण पाणी उभं दिसलं तर गादीवाफे म्हणजे उंच वाफे करा नि चर काढा, खत नंतर. रोज बघायचं असेल तर मूठभर माती दाबा, गोळा होऊन टिचकीनं फुटला तर वाफसा आहे, म्हणजे ओल बेताची आहे, हाताला चिकटली तर थांबा.

उन्हाचं एक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्या बेळगावात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेला असतोय आणि थंडीत बराच दक्षिणेला, म्हणून घरामागं उत्तरेला जूनमध्ये ऊन बघून वांगी लावली तर दिवाळीनंतर ती सावलीत जातात. मिरची-वांग्याला सहा तास तरी ऊन हवं, मेथी-कोथिंबीर त्याहून कमीत भागवते.

तरी शंका असेल तर चार कुंड्यांत सारखी माती घेऊन मेथी पेरा: एक नेहमीसारखी, एक सावलीत, एक कमी पाण्याची, एक जास्त खताची. एकावेळी एकच गोष्ट बदला हं, नाहीतर काहीच कळणार नाही. तीन आठवड्यांनी उपटून माती धुवा, कागदावर पसरून, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि मग तोला. ओल्या वजनात बहुतेक पाणीच असतंय, वाळलेलं जे उरतंय ते झाडानं हवेतला कार्बन घेऊन उन्हावर बनवलेलं, खरं उत्पादन तेच.

आणि पाला जाळू नका, कळकळीनं सांगते. भीमगडच्या जंगलाला खताची पोती कोण टाकतंय, पडलेला पाला कुजून परत मुळांनाच मिळतो की. अथणीकडं तोच पाला बुडाशी चार बोटं पसरा, माती गार राहते, ओल टिकते. खानापूरकडं मात्र पावसाळ्यात खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर खोड कुजतंय आणि गोगलगायी येतात.