सरकता भार: बीएमडीचं वेबपान बनवताना

तंत्रनिकेतनात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवताना फळ्यावर दरवर्षी तोच बीम: दोन्ही टोकांना टेकवलेला, 6 मीटर, मधोमध 20 किलोन्यूटनचा भार. पोरं बीएमडीचा (बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे बीमवर कुठे किती वाकवणारा मोमेंट येतो ती आकृती) त्रिकोण पाठ करतात. भार जरा डावीकडे नेला की वर्ग चिडीचूप. म्हणून भार सरकवता येईल असं एक पान बनवलं. जावास्क्रिप्ट जुजबी येत असलं तरी तुम्हालाही जमेल.

सगळं एकाच एचटीएमएल फाइलीत ठेवा. पेनड्राइव्हवरून लॅबच्या पीसीवर चालते, नेटची वाट बघावी लागत नाही. वर रेंज प्रकारचा स्लायडर, 0 ते 6, खाली कॅनव्हास, म्हणजे आकृती काढायची जागा. स्लायडरला ‘चेंज’ इव्हेंट लावू नका, तो माउस सोडल्यावर जागा होतो. ‘इनपुट’ लावा, म्हणजे भाराबरोबर त्रिकोणाचं टोकही सरकतं. सगळी गंमत त्यातच आहे.

गणित आधी वहीत करा. भार डावीकडून 2 मीटरवर असेल तर डावी रिॲक्शन (डाव्या आधाराचा वर ढकलणारा जोर) 20 गुणिले 4 भागिले 6, म्हणजे 13.33, उजवी 6.67. भाराखाली मोमेंट 26.67 किलोन्यूटन-मीटर, मधोमध आणला की 30. पानावर हेच आकडे आले तर पुढे जा.

माझा पहिला बीएमडी उलटा आला, कारण कॅनव्हासचा वाय-अक्ष वरून खाली वाढतो. तिथे वजा चिन्ह देऊन सुटलो. दुसरा घोटाळा वर्गासमोर झाला. चौकटीत भरलेला आकडा जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळतो. भार एकच होता तोवर गुणाकारात खपून गेलं. 10 चा दुसरा भार जोडला आणि एकूण भार दिसला 2010! मागच्या बाकावरून आवाज: “सर, पूल पडला.” चौकटीतली प्रत्येक किंमत ‘नंबर’ फंक्शनमधून काढून घ्या. रिॲक्शनची बेरीज आणि एकूण भार आता मी पानावर शेजारी शेजारीच दाखवतो.

आकृती मात्र लगेच दाखवू नका. नुसता स्लायडर हाती दिला की पोरं तो रेडिओच्या बटणासारखा फिरवत बसतात. 20 चा भार 2 मीटरवर, 10 चा 4 मीटरवर ठेवा आणि विचारा, कमाल मोमेंट कुठे? बीमवर क्लिक केल्याशिवाय आकृती उघडू नये. माझ्याकडे बहुतेक क्लिक दोन भारांच्या मधे पडतात. उत्तर 20 च्या खाली, 33.33. मग बीएमडीच्या वर काढलेल्या एसएफडीकडे (शिअर फोर्स डायग्राम, म्हणजे बीमला आडवं कापू पाहणाऱ्या जोराची आकृती) बोट दाखवायचं: शिअर तिथेच 16.67 वरून उणे 3.33 वर, म्हणजे शून्य ओलांडून उतरलेला असतो, म्हणून कमाल मोमेंटही तिथेच.