मराठी सभासद यादी नव्या संगणकावर नेण्याआधी

निफाड-दिंडोरीकडची विकास सोसायटी असो की नाशकातली पतसंस्था, जुन्या संगणकावरची सभासद यादी हलवायची ठरली की पहिलं काम मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर काढून बाजूला ठेवण्याचं. तिला मग कुणी हात लावायचा नाही. अक्षरं विचित्र दिसली तरी फाइल बहुतेक वेळा शाबूत असते. घात होतो तो तशाच अवस्थेत सेव्ह केल्याने.

मजकूर कशात टाइप केलाय हे जुन्या क्लार्कला विचारून घ्या. श्रीलिपी, कृतिदेवसारखा जुना फॉन्ट असेल तर आत खरी देवनागरी नसतेच, दुसऱ्याच अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. त्याच फॉन्टमधला मजकूर खऱ्या देवनागरीत बदलून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे कन्व्हर्टर, शोधून ठेवा, आणि तो चालवल्यावर जोडाक्षरं डोळ्यांखालून घालाच.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, असेल तर बिघाड नीट बघा. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए ओळभर दिसतोय? मग काही हरवलेलं नाही. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं (साठवणीच्या तीन घरांचं) असतं आणि समोरचा प्रोग्रॅम एकेक बाइट सुटं अक्षर म्हणून दाखवतोय, एवढंच. चौकोन दिसले तर बहुधा फॉन्ट नाही. फाइलमध्येच प्रश्नचिन्हं उमटली असतील तर मात्र ती नावं गेली, मूळ प्रतीकडे वळा.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून टेक्स्ट/सीएसव्ही घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये 65001 यूटीएफ-8 निवडा. सेव्ह करतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-8’च, साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

सगळी यादी नेण्याआधी चार ओळींची चाचणी फाइल पाठवा. तीत त्र्यंबकेश्वर, म्हसरूळ, ‘दुसऱ्या मजल्यावर’ आणि ‘ॲड.’ हवंच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, म्हणून जुन्या विंडोजवर त्याचा चौकोन होऊ शकतो. काहींनी ते ‘अ’वर चंद्र देऊन टाइप केलेलं असतं, दिसायला सारखं, पण शोधताना सापडत नाही. दोन्ही रूपं शोधून एकच ठेवा.

शेवटी सभासदसंख्या आणि शेअर्सची बेरीज जुन्या यादीशी जुळवा, आणि नावं वाचायला गावातलाच माणूस शेजारी बसवा. कर्जखात्यावर एक काना इकडचा तिकडे झाला तर हेलपाटे त्या शेतकऱ्याला पडतात.