परदेशात एक सत्र शिकायला जाताना: विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत असते; मात्र प्रत्यक्ष तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंतच चालतात, आणि त्यातही नाताळची सुमारे दोन आठवड्यांची सुट्टी येते. नाशिकमधील माझ्या महाविद्यालयातून एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या सत्रासाठी मी तेथे गेलो, तेव्हा ही तारखांची गोष्ट मला ठाऊक होती, पण तिचा अर्थ मी नीट लक्षात घेतला नव्हता. तेथील परीक्षा संपवून मी परतलो त्या वेळी आपल्याकडचे चौथे सत्र बरेच पुढे गेलेले होते आणि हजेरीसाठी मला विनवण्या कराव्या लागल्या. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच विभागप्रमुखांकडून हजेरी, बुडणारी प्रात्यक्षिके आणि अंतर्गत परीक्षा यांविषयी लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये, कारण सहा महिन्यांनंतर होकार देणारी व्यक्ती त्याच पदावर असेलच असे नाही.

दुसरी चूक क्रेडिटच्या हिशेबाची. युरोपातील पद्धतीत एका सत्राची ३० क्रेडिट धरली जातात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते, म्हणजे संपूर्ण सत्राचे ७५० ते ९०० तास. त्यात तासिकांबरोबर घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारीही येते. आपल्याकडे सैद्धांतिक विषयाच्या एका क्रेडिटसाठी साधारणपणे १५ तासिका मोजतात, त्यामुळे दोन्हीकडची क्रेडिट एकास एक धरली की गणित चुकते. कोणता विषय येथील कोणत्या विषयाऐवजी मान्य होईल, हे अभ्यास-करारात निघण्यापूर्वीच लिहून त्यावर दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात. तेथे गेल्यावर एखादा विषय रद्द झाला, तर बदललेला करार त्याच आठवड्यात पाठवावा.

व्हिसा आणि निवास यांविषयी थोडक्यात सांगतो. नव्वद दिवसांपेक्षा अधिक राहायचे असल्याने राष्ट्रीय व्हिसा लागतो, खर्चाची तजवीज दाखवावी लागते (सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी ही रक्कम दरमहा ९९२ यूरो ठरली, अर्जाच्या वेळचा आकडा पाहून घ्यावा) आणि कागदपत्रे मुंबईला सादर करावी लागतात. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परतता येते, परंतु एक कागद राहिला तर तीच फेरी पुन्हा करावी लागते. खोलीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. असे पत्र न देणाऱ्या मालकाची स्वस्त खोली घेऊ नये. मी घेतली होती, आणि नोंदणीअभावी माझी पुढची कामे तीन आठवडे अडून राहिली.

प्रयोगशाळेतील चुका

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण याविषयी निघण्यापूर्वी मला कोणीही सावध केले नव्हते. आपल्याकडे निरीक्षणे सुट्या कागदावर घेऊन नंतर ती जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवण्याची आणि मग सही घेण्याची पद्धत रुळलेली आहे. तेथे पहिल्याच आठवड्यात मी तसेच केले, तेव्हा मार्गदर्शकांनी स्वच्छ वही बाजूला ठेवून मूळ कागद मागितला. निरीक्षण थेट वहीत, शाईने, तारखेसह लिहायचे आणि चुकले तर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, हा तेथील नियम आहे. याहून गंभीर सवय म्हणजे उत्तर माहीत असेल तर रीडिंग जुळवणे. अनुमापनाची तीन रीडिंग हुबेहूब सारखी आली, तर तेथे शाबासकी मिळत नाही, शंका घेतली जाते, आणि आकडे बनवलेले आढळले तर तो शैक्षणिक गैरप्रकार ठरतो. माझ्या एका प्रयोगाचे उत्तर अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले होते. मी ते तसेच ठेवून अनिश्चिततेचे गणित मांडले, गाळताना पदार्थ कोठे वाया गेला असावा हे लिहिले, आणि तो अहवाल स्वीकारला गेला.

दशांशचिन्हाकडेही लक्ष ठेवावे. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील संगणकावर मी टंकलेला १.२५० हा आकडा एक हजार दोनशे पन्नास म्हणून वाचला गेला आणि संपूर्ण आलेख बिघडला. आलेख विचित्र दिसला तर रसायनांना दोष देण्यापूर्वी संगणकाची भाषा तपासावी.

टाकाऊ द्रावणांच्या बाबतीत मात्र चूक धोक्याची ठरू शकते. क्लोरोफॉर्मसारखी हॅलोजनयुक्त द्रावके एका पिंपात आणि अ‍ॅसिटोन, इथेनॉल यांसारखी हॅलोजनविरहित द्रावके दुसऱ्या पिंपात टाकतात. क्लोरोफॉर्म व अ‍ॅसिटोन तीव्र आम्लारीच्या सान्निध्यात एकत्र आले तर जोरदार अभिक्रिया होऊ शकते. मी एकदा चुकीच्या पिंपात द्रावण ओतले आणि रागावतील या भीतीने काही मिनिटे गप्प राहिलो. ती शांतता मला आजही टोचते, कारण शेजारी आणखी दोघे जण काम करत होते. सांगितल्यावर कोणीही ओरडले नाही. पिंप वेगळे ठेवून त्यावर चिठ्ठी लावली गेली. असे काही घडल्यास त्याच क्षणी सांगावे.

परीक्षा आणि परतीचे कागद

विषयाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेलाही नोंदवले, असे तेथे बहुधा नसते. परीक्षेची नोंदणी स्वतंत्र असते आणि तिची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. माझ्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याने सर्व तासिका केल्या, पण ही नोंदणी राहिल्याने त्याचे त्या विषयाचे क्रेडिट गेले. मुदत हुकल्याचे लक्षात येताच ई-मेल पाठवून वाट पाहत बसू नये. परीक्षा कार्यालय आणि परदेशी विद्यार्थ्यांचे समन्वयक यांना त्याच दिवशी प्रत्यक्ष भेटावे. तसेच ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि भारताशी साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते, हे विसरल्यामुळे येथील विभागाची एक ऑनलाइन बैठक माझ्याकडून हुकली.

परतताना गुणपत्रकाबरोबर तेथील श्रेणी-पद्धतीचे पान आणि प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम शिक्क्यासह आणावा. जर्मनीत १,० ही सर्वोत्तम श्रेणी असते, ४,० पर्यंत उत्तीर्ण समजतात आणि ५,० म्हणजे अनुत्तीर्ण. दहापैकी गुणांक पाहण्याची सवय असलेल्या आपल्या कार्यालयात माझी १,३ ही श्रेणी आधी अगदी खालची समजली गेली, आणि श्रेणी-पद्धतीचे पान जर्मनीहून मागवून येईपर्यंत माझा निकाल राखून ठेवण्यात आला.