खटल्यापूर्वी शपथेवर जबानी देताना
काही न्यायव्यवस्थांत खटला उभा राहण्याआधीच विरुद्ध बाजूचा वकील साक्षीदाराला शपथेवर प्रश्न विचारतो आणि शब्दन् शब्द नोंदवला जातो. पुढे न्यायालयात वेगळे बोललात, तर हीच नोंद तुमच्यासमोर ठेवली जाऊ शकते. म्हणून आपल्या वकिलासोबत कागदपत्रे आधी नीट वाचावीत, मात्र उत्तरे पाठ करू नयेत.

प्रश्न पूर्ण ऐकावा, क्षणभर थांबावे आणि विचारले तेवढेच सांगावे. हा थांबा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तेवढ्यात आपल्या वकिलाला हरकत नोंदवता येते. ‘गाडी किती वेगात होती?’ असे विचारले आणि वेग तुमच्या लक्षातच आला नसेल, तर उगाच आकडा ठोकून देऊ नये. ‘मला माहीत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. ‘माहीत नाही’ आणि ‘आठवत नाही’ यांतला फरक मात्र काटेकोरपणे जपावा. नुसती मान हलवू नये, ‘हो’ किंवा ‘नाही’ स्पष्ट उच्चारावे. तुमच्या उत्तरानंतर समोरचा वकील गप्प बसून राहिला, तरी ती शांतता भरून काढण्यासाठी बोलत सुटू नये. एखादे उत्तर चुकल्याचे ध्यानात आले, तर जबानी संपण्यापूर्वीच तसे सांगून दुरुस्ती नोंदवून घ्यावी.