पोलोला कॉइलओव्हर बसवायचेत? आधी आईला मागे बसवा

माझ्या पोलो जीटीचा पहिला कॉइलओव्हर सेट, म्हणजे गाडीची उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉकअप, मी फोटो बघून घेतला होता. पुढे ८ किलोच्या स्प्रिंगा, गाडी ५० मिलिमीटर खाली, टायर आणि मडगार्डमध्ये बोट शिरेना. कोथरूडहून खडकवासल्यापर्यंत मागे बसलेली आई एक शब्द बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, "येताना मी बसने येते रे." दोन महिन्यांत सेट विकला.

दुकानात सगळ्यात आधी क्लिकचं बटण दाखवतात, म्हणजे शॉकअप कडक-मऊ करायला एकेक क्लिक फिरवायचं बटण. ते शेवटी बघा. क्लिकने स्प्रिंग मऊ होत नाही. ती किती झटकन दबते आणि उसळते, तेवढंच बदलतं. एकच बटण असेल तर बहुतेक वेळा उसळण्यावरच जास्त फरक पडतो. म्हणून आधी स्प्रिंगचा आकडा विचारा. ८ किलो म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला आठ किलो भार. रोज वापरायच्या पोलोला पुढे ४-५च्या वर मी जाणार नाही. मागचा आकडा पुढच्याशी ताडून बघू नका, कारण पोलोत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळ्या जागी बसतात.

आता मुख्य गोष्ट. गाडी कडक लागते ती पुष्कळदा स्प्रिंगमुळे नाही, तर शॉकअपला दबायला जागाच उरलेली नसते म्हणून. दांडा नळीत शिरत जातो, नळी दांड्यावरच्या बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का झेलणाऱ्या ठोकळ्यावर) आपटते आणि धक्का थेट मणक्यात. हे तपासायला दहा रुपयांचा केबल टाय पुरतो. पुढच्या शॉकअपच्या दांड्याला तो बेताचा आवळा, सीलपर्यंत खाली सरकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारून या. टाय वर बंप स्टॉपला जाऊन टेकला असेल तर गाडीची उंची वाढवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आमच्या सोसायटीसमोरचा जेमतेम हातभर रुंद आहे! म्हणून गाडी २०-२५ मिलिमीटरपेक्षा खाली उतरवू नका.

उंची शॉकअपच्या खालच्या नळीवरच्या आट्यांनी बदलता येते असा सेट घ्या. त्यात गाडी खाली घेतली तरी शॉकअपची चाल कापली जात नाही. शॉकअपचं वरचं टोक गाडीला जोडणारं टॉप माउंट रबराचंच हवं. लोखंडी गोळीवालं ट्रॅकवर ठीक, लक्ष्मी रोडवर खडखडतं.

बसवल्यावर ३०० किलोमीटर चालवा, मग उंची मोजून अलाइनमेंट करा. पावसाळ्याआधी आटे ब्रशने घासून ग्रीस लावा, नाहीतर उंची बदलायची रिंग फिरणारच नाही.

क्लिक सगळ्यात मऊपासून सुरू करा आणि दोन-दोन वाढवत जा. स्पीडब्रेकरनंतर नाक एकदाच डुलून स्थिरावलं की थांबा. माझं पुढे दहावर आहे. ताम्हिणी घाटाआधी चहाला थांबलो की बॉनेट उघडून चार वाढवतो. परतताना कमी करायचे विसरलो तर चांदणी चौक यायच्या आत मागून आवाज येतो, "बटण राहिलं वाटतं."