आधुनिक चीन अभ्यासायला घेताय? आधी एक प्रांत धरा

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादा तरी फोन येतोच. "ताई, एम.ए.ला चीन घ्यावं म्हणतोय. माओपासून सुरुवात करू की त्याच्यानंतर सुधारणा आणणाऱ्या देंग श्याओपिंगपासून?" मी म्हणते, आनहुई प्रांतापासून कर. मग पलीकडे शांतता.

उत्तर थोडं चक्रम वाटतं, पण ते मी तोंडावर आपटून शिकले आहे. दिल्लीतल्या माझ्या पहिल्याच सेमिनारमध्ये मी ठणकावून म्हणाले होते, "१९७८ साली देंगने शेती खासगी केली." सरांनी एवढंच विचारलं, "कुठल्या कागदात लिहिलंय हे?" दोन दिवस ग्रंथालयात बसल्यावर कागद सापडला आणि त्यात नेमकं उलटं होतं. डिसेंबर १९७८च्या ज्या तिसऱ्या प्लेनमला, म्हणजे पक्षाच्या केंद्रीय समितीच्या बैठकीला, आपण सुधारणांचा आरंभबिंदू म्हणतो, तिथे शेतीविषयक ठरावाचा मसुदा मांडला गेला. कुटुंबाला उत्पादनाची जबाबदारी वाटून द्यायची नाही, असं त्यात स्पष्ट होतं. आणि खासगी म्हणाल, तर गावची जमीन आजही सामूहिक मालकीचीच आहे. शेतकऱ्याला मिळाला तो कसण्याचा करार.

त्या वाटून देण्याला चिनी शब्द आहे 'बाओ छान दाओ हू'. यातलं 'छान' म्हणजे उत्पादन. आपल्या कानाला हा शब्द गोड लागतो, म्हणून एकदा पाठ झाला की विसरत नाही. माझा अख्खा अभ्यास या चार अक्षरांच्या मागे धावण्यात गेला म्हटलं तरी चालेल.

कारण ही गोष्ट १९७८ला सुरू होतच नाही. १९५८ला 'मोठी झेप' ही उत्पादन झपाट्याने वाढवायची माओची मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं सामूहिक शेतीच्या कम्यूनमध्ये कोंबली गेली, वरिष्ठांना खूश करायला पिकाचे फुगवलेले आकडे वर गेले आणि त्याच फुगवलेल्या आकड्यांच्या हिशेबाने सरकारने धान्य उचललं. पुढच्या तीन-चार वर्षांतल्या बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. (परीक्षेत यातला एकच आकडा ठोकून देऊ नका. अंदाज कुणाचा आणि कशावरून काढलेला, हे लिहा.) लोकसंख्येच्या मानाने सर्वात जास्त होरपळलेला प्रांत आनहुई. झेपेच्या काळात तिथे जोर लावणारा पक्षसचिव होता झेंग शीशेंग. त्याच माणसाने १९६१ला मार्ग काढला आणि शेतं कुटुंबांच्या जबाबदारीवर दिली. नाव दिलं 'जबाबदारीची शेतं', म्हणजे कुणाला भांडवलशाहीचा वास येऊ नये. धान्य वाढलं. १९६२च्या सुरुवातीला त्याचं पद गेलं आणि प्रयोगही गुंडाळला गेला.

देंगचं ते मांजराचं वाक्य याच वर्षातलं. मांजर काळं की पांढरं, याला महत्त्व नाही, उंदीर पकडल्याशी कारण. आपल्याकडे स्पर्धापरीक्षांच्या नोट्समध्ये हे वाक्य परदेशी गुंतवणुकीच्या प्रकरणात चिकटवलेलं असतं. प्रत्यक्षात जुलै १९६२ला देंग शेतं कुटुंबाला द्यावीत का, या वादावर बोलत होता. वाक्य मूळ सिचुआनकडची म्हण, आणि त्याच्या तोंडी मांजर काळं-पिवळं होतं, पांढरं नाही. अशा वेळी मला आपले नोट्सवाले आठवतात आणि हसू येतं.

मग १९६६ ते ७६ सांस्कृतिक क्रांती, म्हणजे पक्षातल्या विरोधकांवर माओने उठवलेलं वादळ. हा भाग इथे भराभर सांगते, कारण सगळ्यात जास्त वाचायला मिळतं ते यावरच. पदावरून हटवलेला राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची १९६९ला कायफेंगमध्ये बंदिवासात मेला, माओचा वारस ठरलेल्या लिन बियाओचं विमान १९७१ला मंगोलियात कोसळलं, ९ सप्टेंबर १९७६ला माओ गेला आणि महिन्याच्या आत 'चौकडी', म्हणजे त्याची बायको आणि तिचे तीन साथीदार, अटकेत. तारखा पाठ करा आणि परत आनहुईला या.

१९७७ला तिथे नवा पक्षसचिव वान ली आला. १९७८ला दुष्काळ पडला. फेंगयांग हा तिथला तालुका, फुलढोलकी वाजवत भीक मागत फिरणाऱ्या लोकांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. त्यातल्या श्याओगांग वाडीत १८ शेतकऱ्यांनी नोव्हेंबरात शेतं वाटून घेतली. कागदावर अंगठे उठवले आणि ठरवलं, म्होरक्यांना तुरुंग झाला तर त्यांची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. पेइचिंगच्या संग्रहालयात आहे तो कागद खरंच त्या रात्रीचा का, यावरही वाद आहेत. तेही वाचा, साधनचिकित्सा शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही. वान लीने दाबण्याऐवजी डोळेझाक केली. १९८०ला गरीब भागांपुरती परवानगी आली, १९८२च्या केंद्राच्या पहिल्या क्रमांकाच्या दस्तऐवजाने मान्यता दिली आणि १९८३ संपेपर्यंत जवळपास सगळ्या देशात हीच पद्धत होती. म्हणजे पेइचिंगने रस्ता आखला नाही, लोक चालून गेल्यावर त्यावर पाटी लावली. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

पुढचं म्हणजे पाट्या वाचणं. पक्षाच्या ठरावांत शब्दयोजनेला 'थीफा' म्हणतात, आणि तिथे एकही शब्द उगाच बदलत नाही. १९८२ला 'नियोजन मुख्य, बाजार पूरक'. १९८४ला 'नियोजित वस्तू-अर्थव्यवस्था'. १९९२ला देंगचा दक्षिण दौरा झाला आणि त्याच वर्षीच्या पक्षाच्या चौदाव्या काँग्रेसमध्ये 'समाजवादी बाजार अर्थव्यवस्था'. मी एका वहीत डावीकडे वर्ष, उजवीकडे शब्द, असं नुसतं लिहीत गेले. सहा महिन्यांत ती वही कुठल्याही गाईडपेक्षा जाड झाली.

१९८९कडे येताना मात्र शब्दांपेक्षा भाव बघा, म्हणजे बाजारभाव. एकाच पोलादाला दोन दर होते, सरकारी आणि खुला. ज्याचा हात सरकारी कोट्यापर्यंत पोचतो तो तिथून उचलायचा आणि बाहेर विकायचा. रेशनचं रॉकेल मागच्या दाराने जाताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजावायला नको. याला 'ग्वानदाओ' म्हणत. १९८८ला सगळे दर मोकळे करणार अशी हवा उठली, तेव्हा लोकांनी बँकांतून पैसे काढून मीठ-साबणापर्यंत साठा केला. त्या वर्षी महागाई १८ टक्क्यांच्या वर गेली. एप्रिल १९८९ला पक्षाच्या सरचिटणीसपदावरून हटवलेला हू याओबांग वारला आणि विद्यार्थी पेइचिंगच्या तियानआनमेन चौकात आले, ते या रागावर उभे राहून. फक्त 'लोकशाहीचं आंदोलन' एवढंच लिहिलं तर कामगार का आले, हे सांगता येत नाही. ४ जूनच्या लष्करी कारवाईतल्या मृतांचा सर्वमान्य आकडा आजही नाही. चीनमध्ये शिकायला गेलात तर वर्गात हा विषय स्वतःहून काढू नका. तुम्ही परत येता, समोरचा तिथेच राहतो.

भाषा शिकावीच लागते, आणि तिथे मराठी माणसाला आयता फायदा आहे. 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च आपण जन्मतः वेगळे म्हणतो. चिनीत हा फरक लागतो. जुन्या मराठी वर्तमानपत्रांतलं 'माओ त्से तुंग' हे आजच्या 'झेडोंग'पेक्षा खऱ्या उच्चाराच्या कितीतरी जवळ होतं. सूर मात्र रडवतात, सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. पहिलं वर्ष फक्त कानासाठी ठेवा.

नोकरीचं थोडक्यात: भाषा पक्की असेल तर दुभाषाचं आणि भाषांतराचं काम मिळतं, नुसत्या इतिहासावर फार जागा नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून टाका.

चीनमध्ये मला शिकवणाऱ्या एका बाईंच्या पाकिटात धान्याचं जुनं रेशन-कूपन असायचं, बोटभर कागद. ही कूपनं १९९३च्या सुमारास बंद झाली. मी त्यांना विचारलं होतं, तुमच्यासाठी सुधारणा कधी सुरू झाल्या? मला १९७८ ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, "मी खाणावळीत गेले आणि कुणी कूपन मागितलंच नाही, त्या दिवशी." वर्ष त्यांना आठवत नव्हतं.