सिंथेटिक टाकू की मिनरल? डबा घ्यायच्या आधी हे बघा

गाडीचं ऑइल बदलायला आलं की हा प्रश्न हमखास पडतो आणि सल्ला देणारे पण दोन टोकाचे भेटतात. एक म्हणतो सिंथेटिकच टाक, बाकी कशाला हात लावू नको, दुसरा म्हणतो हा सगळा मार्केटिंगचा खेळ आहे, पूर्वी गाड्या मिनरलवरच पळायच्या ना. मला विचाराल तर दोघंही चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करतायत. सिंथेटिक हा शब्द सगळ्यात शेवटी बघायचा. आधी गाडीचं मॅन्युअल काढा (खरंच काढा, डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेलं असतं) आणि त्यात तीन गोष्टी शोधा: ऑइल किती लिटर बसतं, ग्रेड कोणता आणि स्पेसिफिकेशन कोणतं. निम्म्या वेळा तुमचा निर्णय तिथेच होऊन जातो.

ग्रेड म्हणजे ते ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० वगैरे. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, वजनाशी त्याचा काही संबंध नाही. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज हलतं ते सांगतो, ५डब्ल्यूची स्टार्टिंगची टेस्ट उणे ३० डिग्रीला होते आणि १५डब्ल्यूची उणे २० ला. दुसरा आकडा १०० डिग्रीला, म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर, ऑइल किती जाड राहतं त्याचा. बऱ्याच जणांना वाटतं की मल्टिग्रेड (म्हणजे असे दोन आकडे असलेलं) ऑइल तापल्यावर जाड होतं, तसं अजिबात नसतं, तापलं की ते पातळच होतं, फक्त साधं ऑइल जितकं झालं असतं त्याच्यापेक्षा कमी पातळ होतं. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लिहिलं असेल तर सिंथेटिक की मिनरल हा वादच संपला, कारण साध्या मिनरल बेसमधून ०डब्ल्यू बनवणं जवळपास अशक्य आहे.

ग्रेडवरून एक सांगतो. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत एका मेकॅनिकने २०डब्ल्यू-५० टाकलं होतं, का तर जाड ऑइल इंजिनला जपतं. मी पण मान डोलावली. नंतर रोज सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंद टॅपेटचा (इंजिनच्या वरच्या बाजूला व्हॉल्व्ह हलवणारा भाग) टकटक आवाज यायचा, मॅन्युअल बघितलं तर त्यात ५डब्ल्यू-३० सांगितलेलं, ते टाकल्यावर आवाज गेला. वरपर्यंत ऑइल पोचायच्या आधीचे ते काही सेकंदच इंजिनची जास्त झीज करतात, म्हणून आपल्या मनाने ग्रेड बदलू नका.

आता स्पेसिफिकेशन. डब्यावर एपीआय (ही अमेरिकेतली स्टँडर्ड ठरवणारी संस्था) एसएन, एसपी असं काहीतरी असतं. पेट्रोल इंजिनसाठी पहिलं अक्षर एस आणि दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नव्या स्टँडर्डचं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. नवं अक्षर जुन्या गाडीला सहसा चालतं, उलटं करायचं नाही. डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर मॅन्युअलमध्ये बहुतेक एसीईएचा (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा) सी२ किंवा सी३ असा कोड सापडेल, म्हणजे कमी राख सोडणारं ऑइल. तिथे भलतं ऑइल टाकलं तर त्याची राख फिल्टरमध्ये साचत जाते आणि राख काही जळून जात नाही. अशा गाडीला हा कोड सिंथेटिक या शब्दापेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

मग सिंथेटिक म्हणजे नक्की काय? बेस ऑइलचे, म्हणजे ज्यात बाकीची रसायनं मिसळून इंजिन ऑइल बनतं त्या मूळ तेलाचे, पाच ग्रुप असतात. पहिले दोन म्हणजे क्रूडपासून (कच्च्या तेलापासून) रिफाइन केलेलं आपलं नेहमीचं मिनरल, चौथा म्हणजे कारखान्यात रेणू जोडून बनवलेलं पीएओ नावाचं तेल, पाचव्यात एस्टर वगैरे बाकीची रसायनं. सगळी गंमत तिसऱ्यात आहे, तो पण क्रूडपासूनच येतो पण हायड्रोजन वापरून इतकी प्रक्रिया केलेली असते की गुण सिंथेटिकच्या जवळ जातात. अमेरिकेत १९९९ साली मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या जाहिरातीच्या वादात असं ऑइल सिंथेटिक म्हणून विकायला हरकत नाही असा निर्णय झाला, आणि आज सिंथेटिक म्हणून मिळणारं बरंचसं ऑइल याच तिसऱ्या ग्रुपचं असतं. ते वाईट नाहीये, उलट चांगलंच असतं, पण डब्यावरच्या त्या एका शब्दावरून आत काय आहे हे कळत नाही. सेमी सिंथेटिकचं तर विचारूच नका, त्यात सिंथेटिक किती टक्के असावं याचं ठरलेलं प्रमाणच नाही.

मॅन्युअल दोन्ही चालेल म्हणत असेल तेव्हाच खरा निवडीचा प्रश्न येतो. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असेल तर मी डोळे झाकून सिंथेटिक घेईन. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, त्याच्या बेअरिंगला मुख्यतः ऑइलच थंड ठेवतं आणि तुम्ही जोरात चालवून लगेच इंजिन बंद केलं की तिथे अडकलेलं ऑइल अक्षरशः भाजून निघतं, त्याचा कोळसा होतो. सिंथेटिक ही उष्णता जास्त सहन करतं. थांबल्यावर मिनिटभर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवायची सवय तरी लावाच. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात अजून एक भानगड असते, कमी आरपीएमला जोर दिला की इंधन वेळेआधी पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटचा (इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनाचा) यात हात असतो असं लक्षात आल्यावर २०१८ ला एसएन प्लस आणि मग एसपी आलं. म्हणजे अशा टर्बो पेट्रोल इंजिनसाठी डब्यावर सिंथेटिकही हवं आणि एसपीसुद्धा, नुसतं सिंथेटिक पुरत नाही.

कडाक्याची थंडी, सतत ट्रॅफिक, चढावर भरलेली गाडी, ओढायला ट्रेलर, अशा वेळी पण सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. उलट साधं नॉन टर्बो इंजिन आहे, हवामान बरं आहे, तुम्ही वेळेवर ऑइल बदलता, तर योग्य ग्रेडचं मिनरल पुरतं, उगाच मनाला लावून घेऊ नका. जुनं इंजिन ऑइल खात असेल आणि सारखं टॉप अप करावं लागत असेल तर महागडं ऑइल त्यात जाळण्यात अर्थ नाही, आधी ते जातंय कुठे ते शोधा.

रोज चार-पाच मिनिटंच गाडी चालवणाऱ्यांनी मात्र नीट ऐका. इंजिन पूर्ण तापतच नाही त्यामुळे पाणी आणि कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये साचत राहतं आणि सिंथेटिक टाकून हे थांबत नाही. तुम्ही किलोमीटर न बघता महिने बघून बदला, वर्षातून एकदा तरी, मॅन्युअलने त्याआधी सांगितलं असेल तर त्याआधी. सिंथेटिक आहे म्हणून वाट्टेल तितकं लांबवणं ही तर सगळ्यात वाईट सवय, त्यापेक्षा वेळेवर बदललेलं मिनरल परवडलं. वॉरंटीत असाल तर मॅन्युअलचं अंतर ओलांडूच नका आणि बिलं जपून ठेवा.

एकदा सिंथेटिक टाकलं की परत मिनरलवर येता येत नाही, हे खोटं आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात, रस्त्यात अडकलात तर त्याच ग्रेडचं मिनरल टॉप अप करून खुशाल पुढे जा. सिंथेटिकने गळती होते ही भीती जुन्या काळची आहे, तेव्हाच्या काही ऑइलमुळे सील (ऑइल बाहेर गळू न देणारे रबरी भाग) आकसायचे, आता फॉर्म्युल्यातच त्याचा बंदोबस्त असतो. पण सील आधीच कडक झाला असेल तर झिरपणं दिसू शकतं, तेव्हा सील बदला.

मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना फ्लश वगैरे लागत नाही. इंजिन थोडं कोमट करा, जुनं पूर्ण निथळू द्या, फिल्टर नवा टाका आणि ड्रेन प्लगचा वॉशरसुद्धा. भरताना लेव्हल मॅक्सच्या वर नेऊ नका, जास्त झालं तर क्रँक (इंजिनात खाली फिरणारा दांडा) ते घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. नंतर सपाट जागेवर गाडी लावून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) पुसून बघा. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत दर आठवड्याला बघा, आणि ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिटर्जंट घाण उचलतोय त्याचा तो रंग आहे, डिझेलमध्ये तर काही दिवसांतच काळं होतं. लेव्हल खाली जात असेल तर मात्र तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, गॅरेजमध्ये पहिला प्रश्न तोच विचारतील.